समईतलं उरलेलं तेल

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

ह्या वहीची पुढची बाजू हिशेबाची आणि मागची माझी. लग्न झाल्यापासून असंच चालत आलंय. पुढून दळण, गॅस, खिळे, पॉलिश, मागून मनातलं. दोन्ही बाजू मधे कुठंतरी एकमेकींना भेटल्या की नवी वही.

आज मशीनवाल्याचा तिसरा फोन. "मावशी, तुमचा माल गोडाऊनला येऊन पडलाय, जागा अडलीय. उद्या टेम्पो पाठवू?" मी म्हटलं, उद्या सर्वपित्री अमावास्या. पितरांच्या पंधरवड्यात आमच्याकडे नवा झाडूसुद्धा येत नाही, मशीन कुठलं आणता? रविवारी घट बसले की पाठवा. तो म्हणाला, गोडाऊनभाडं पडेल. मी म्हटलं, पडू दे, पण तुमच्या अंगावर पडेल. मी पावती वाचलीय. मॅट्रिक असले तरी बारीक अक्षर मला दिसतं.

मशीन म्हणजे रंदा मशीन. फळी एका बाजूनं आत घातली की दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत होऊन बाहेर. आजवर हे काम ह्यांच्या उजव्या खांद्यानं केलं. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाट, चौरंग, देव्हारे करून ह्यांनी घर चालवलं. दीड वर्षापासून तो खांदा वर जात नाही. अंगरखा घालताना मीच बाही धरते.

मशीनचा हट्ट उर्वीचा. एकुलती एक. आयटीआयला सुतारकामाला बसली तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी, आणि सगळ्यात सरळ करवत तिची. तिनं सहा महिने ह्यांच्या मागे लागून होकार काढला. होकार असा: "आणू. पन मशीनवाला म्हैनाभरात परत घ्यायला तयार हाय. पाडव्यापतुर नीट चाललं तर तू हितं. न्हाय तर मशीन त्याच्याकडं आन् तू राजसकडं."

राजस म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. पुण्यात फर्निचरच्या शोरूमला आहे. उर्वीसाठी तिथं कॉम्प्युटरपुढची खुर्ची अडवून बसलाय. चांगली नोकरी आहे, पंख्याखाली. उर्वीला खुर्चीत बसायचं नाही, खुर्ची करायची आहे.

आई कमलाभवानी, तूच बघ.

रविवार, १५ ऑक्टोबर, घटस्थापना

सकाळी घट बसले, अखंड नंदादीप लागला आणि साडेदहाला टेम्पो दारात. मशीन लाकडी खोक्यात, चार माणसांना उचलेना. शेडच्या दारातून तर जाईचना. हे कडाडले, "माप कुणी घेतलंतं?"

"मीच," उर्वी म्हणाली. "चौकट काढायची असं धरूनच घेतलंय."

ती चौकट ह्यांनी स्वतः बसवलेली. शेड झालं तेव्हाची. मला वाटलं आता घट हलणार. ह्यांनी चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग पटाशी घेतली, डाव्या हातानं धरली आणि वीस मिनिटांत अख्खी चौकट सोडवली. एक चीर जाऊ दिली नाही. चौकट भिंतीला टेकवून म्हणाले, "बघा. अशी बसवायची असती, की काढता बी आली पायजे."

मशीन आत सरकवायला खाली गोल काहीतरी हवं होतं. मी पलंगाखालून नळाचे तीन जुने तुकडे काढून दिले. अकरा वर्षं जपले होते. "ही बया काय काय सांभाळती" म्हणून हसणारे दोघंही आज ते खाली लावायला वाकले. त्या नळांवरून मशीन गौरीसारखं आत आलं. मी उंबऱ्यापाशी भाकरतुकडा ओवाळून टाकला. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, आमच्यावरून पण टाका की." त्याच्यावरूनही टाकला.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

मशीनवाल्याचा माणूस बसवायला येणार होता. तो आठ दिवसांनी येणार आणि वर पैसेही घेणार. मी फोनवरच नको म्हटलं. दोन वर्षं आयटीआयची फी भरली ती कशाला? उर्वी म्हणाली, "आई, खरंच मी बसवू?" चेहरा असा, जणू मी तिला पैठणी दिली.

दोन दिवस ती फरशीवर लोळतेय. पारदर्शक नळीत पाणी भरून चारी पाय एका पातळीत आणले. एक पाय कणभर उचलायचा होता, तिथं पातळ पट्टी हवी होती. मी बांगड्यांच्या खोक्याचं झाकण दिलं. ते चाललं नाही. शेवटी ह्यांनी सागाची पट्टी दाढीच्या पात्यासारखी तासून तिच्या हातात ठेवली.

संध्याकाळी उर्वीनं मशीनच्या टेबलावर एक रुपया कडेवर उभा केला. म्हणाली, "मशीन वाकडं बसलं असेल तर थरथरेल आणि रुपया पडेल." बटण दाबलं. शेडभर घरघर. मी डोळे मिटून जप केला. उघडले तर रुपया उभाच.

हे म्हणाले, "हं." ह्यांचा एवढा मोठा शेरा मी उर्वीच्या दहावीच्या निकालालाही ऐकला नव्हता.

बुधवार, १८ ऑक्टोबर

पहिली फळी घातली. खरखरीत गेली आणि आरशासारखी बाहेर आली. उर्वी ओरडली, मी ओरडले, शेजारच्या माडीवरच्या तेलुगू मावशी काय झालं म्हणून खाली आल्या. ह्यांनी फळीवरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. मग उजवा हात. तो जेवढा जातो तेवढा. "माझ्या हातानं आसंच यायचं," म्हणाले. आणि मग, "दोन तासांनी."

पहिल्या फळीचा देवासाठी छोटा पाट करायचं ठरलं.

सासूबाई सांगायच्या, सुताराच्या घरी हत्यार कोरडं राहिलं की हात कोरडा राहतो. दर अमावास्येला पटाश्या, रंदे, करवती मी तेलानं पुसते. गंजही चढत नाही. आता मशीन हे सगळ्यांत मोठं हत्यार. त्याला दर अमावास्येची वाट बघायला लावणं बरं नव्हे. नंदादीपाच्या समईतली वात रोज सारखी करताना तळाशी चमचाभर तेल उरतं. ते टाकवत नाही आणि भाजीत घालवत नाही. आज पहाटे आंघोळ करून, कुणी उठायच्या आत, उर्वीनं शिकवलं तसा प्लग काढून मशीनची मागची झडप उघडली. आत एक काळा पट्टा आहे. मोटर त्यानंच मशीनला फिरवते. बिचारा टाचेसारखा कोरडा. बोटभर तेल लावलं, चाकाला कुंकू लावलं, झडप लावून टाकली. रोज करणार. सांगणार कुणालाच नाही. देवाचं केलेलं सांगत सुटलं की पुण्य उतरतं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

आनंदाची बातमी आधी. अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयाचे तिप्पण्णा मालक आले होते. पंचवीस सागवानी चौरंग पाहिजेत, तुळशीच्या लग्नाआधी. "अक्का, तुळशीचं लगीन झालं की माझ्याकडं पहिला मुहूर्त हाय बघा. चौरंग न्हाईत तर नवरदेवाला काय माझ्या डोक्यावर बसवू?" डोकं दाखवलं. तुळतुळीत, बसवला तर घसरेल. मी पदरात हसले.

आता दुसरी. मशीन आज किंचाळलं. जाड फळी घातली की मोटर पळते, पण पातं मंद होतं, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येतो आणि रबर जळल्याचा वास. फळीवर लाटा उमटतात. उर्वीनं पट्टा ताणून बघितला. तासभर बरं चाललं, पुन्हा तेच. म्हणते, "भुसा चिकटतोय आई, आतून कुठूनतरी तेल उडतंय."

दृष्ट लागली असणार. टेम्पोवाल्यापासून सगळ्यांनी बघितलंय. उद्या जरा जास्त करीन.

सोमवार, २३ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा, काम बंद. पाटावर सगळी हत्यारं मांडली. मशीनला झेंडूची माळ, बटणाला हळदकुंकू. उर्वीनं बटणाच्या फटीत कुंकू जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावून ठेवली होती. हुशार आहे.

ह्यांनी आरती केली. उर्वीनं मशीनसमोर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. काय मागितलं ते मला माहीत आहे. ती उठून गेल्यावर मी नऊ दिवसांत साठलेलं वाटीभर तेल घेतलं आणि पट्ट्याला हात सैल सोडून लावलं. घरात एवढं तेल मी दिवाळीच्या चकल्यांनाही सोडत नाही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या आशेनं मशीन सुरू केलं. फळी निम्म्यात अडकली. पट्टा चाकावर नुसता फिरतोय, पातं उभं. जळका वास स्वयंपाकघरापर्यंत.

ह्यांचा राग नाकावरच असतो, आज डोक्यावर गेला. (तेल आणि पित्त दोन्ही कमी करायला पाहिजे, पण ऐकतात कुठं. खारे शेंगदाणे लपवून खातात, मला ठाऊक आहे.) म्हणाले, "मोबाईलमधी बघून मशीन बसवत्यात व्हय? मानूस येणार हुता, तो नको म्हनला!" हे मलाही होतं.

उर्वीनं मशीनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या माणसानं बसवलेलं नाही, त्याला आम्ही काय करणार? मुलीनं बसवलंय म्हणता ना?" फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

उर्वीनं बेअरिंग उघडून पुसलं, परत बसवलं. जेवली नाही. मी पहाटेचा नेम वाढवला. आता एकशे आठ नामजप आणि मग रोजच्या समईतलं तेल.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर, करमाळा

इंद्रायणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवस बहिणीकडे आलेय. टेंभुर्णीला गाडी बदलताना उसाच्या ट्रॅक्टरांनी पाऊण तास खाल्ला. निघताना घोर होता, मशीनचं पहाटेचं कोण करणार? पण सांगायचं तर नाही. देवीवर सोडून आले.

इंद्रायणी खाटेवर बसून सगळ्या गल्लीला कामं सांगतेय. डॉक्टरनं गुडघा बदललाय, जीभ जुनीच ठेवलीय. मला म्हणते, "सरू, पोरीला पाठव की पुण्याला, उगं लाकडात हात तुडवून घेती." मी म्हटलं, तुझ्या ताटाखालचा पाट कुणाच्या हातचा आहे ते वाकून बघ. म्हणाली, "वाकता आलं असतं तर ऑपरेशन कशाला केलं असतं?"

शुक्रवार, ३ नोव्हेंबर, करमाळा

काल आणि आज दोन्ही दिवस उर्वीचा फोन. "आई, चालतंय! काल थोडं कुरकुरलं, आज एकदम मस्त. मी पट्टा पुसला, ताणला आणि सहा चौरंगांचं लाकूड निघालं!" मागून ह्यांचा आवाज, "सांग तिला, सातवं लावलंय."

मी आज सकाळीच कमलाभवानीच्या देवळात ओटी भरून आले होते. नवस बोलले आणि तासाभरात हा फोन! पुजाऱ्याकडून देवीच्या दिव्यातलं तेल बाटलीभर मागून घेतलं. बाटली इंद्रायणीच्या औषधाची, धुऊन.

रविवार, ५ नोव्हेंबर

घरी पोचल्या पोचल्या आधी मशीन बघितलं. कोरडं ठक्क झालेलं, चार दिवस कुणी तेलाचं बोट लावलं नव्हतं. देवीनं एवढं केलं आणि आपण तिचा प्रसादही देऊ नये? अर्धी बाटली पट्ट्याला. उरलेली देव्हाऱ्यात.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

लिहवत नाही. काल दुपारपासून मशीन ठार अडलंय. इतकं कधीच नव्हतं. पट्टा तर साबणासारखा निसटतोय. पंचवीसपैकी नऊ चौरंगांचं लाकूड निघालंय.

हे रागावले नाहीत, हेच वाईट. जेवताना सावकाश म्हणाले, "उर्वी, तुजी चूक न्हाय. आपल्या हातांना ते मानवत न्हाय, एवढंच. पाडव्याला टेम्पो बोलवू." मग स्वतःचा जुना हातरंदा काढून त्याचं पातं घासत बसले. ह्या खांद्यानं सोळा चौरंग करणार.

उर्वीनं राजसला फोन केला. मला ऐकू यावं म्हणून नाही, पण घर केवढं. "दादा, खुर्ची आहे का अजून?" असं विचारलं.

मी देवघरात बसले. आई, मी तर तुझ्या सेवेत कसूर ठेवली नाही. मग कुठं चुकलं?

गुरुवार, ९ नोव्हेंबर, वसुबारस

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे. गाळायचं नाही.

उर्वीच म्हणाली, एकदा राजेसाबचाचांना दाखवू. हे ह्यांचे जुने दोस्त. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की नीट करणारे. आवाजावरून कुठला माग आजारी आहे ते सांगायचे. सकाळी दहाला आले, हातात त्यांच्या बायकोनं, लालबीभाभींनी दिलेला खजुराचा डबा. चप्पल बाहेर काढली आणि म्हणाले, "यज्ञू, तुझी चौकट कुठं गेली रे?" ह्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ह्या पोरीसाठी काडली."

"मंग पोरगी भारी हाय."

त्यांनी आधी रुपया मागितला. टेबलावर उभा केला, बटण दाबलं. घरघर सुरू. रुपया उभा. ते टेबलावर कान ठेवून ऐकत राहिले. रुपया उभाच. मशीन बंद करून म्हणाले, "बेटी, तू बसवलीस? फिटिंग एक नंबर. चाळीस वर्सांत माझा रुपया इतका येळ उभा न्हाय ऱ्हायला."

उर्वीचे डोळे भरले. हे म्हणाले, "मंग अडतंय का?"

राजेसाबांनी मागची झडप उघडली. पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. चाकावरच्या कुंकवाकडे बघितलं. रुमालाला बोट पुसलं आणि तो घडी करून हातातच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, तुमी सगळं लिहून ठेवता म्हनं. कोन्त्या रोजी चालली, कोन्त्या रोजी अडली, जरा वाचून दावा की. मशीन झूट नई बोलती, पन बोलायला तिला तारीख लागती."

मी वही आणली. मागून उघडली. उभ्यानंच वाचायला लागले.

"अठरा तारीख. पहिली फळी, आरशासारखी. एकवीस. किंचाळलं. पंचवीस. फळी निम्म्यात अडकली..." इथं मी थांबून पान उलटलं.

"आई, मधलं खाल्लंस," उर्वी म्हणाली.

"तुझ्या बापाविषयी आहे ते."

"वाच वाच," हे म्हणाले. "हितं कोन परकं हाय?"

"खारे शेंगदाणे आहेत त्यात," मी म्हटलं. हे एकदम छताकडे बघायला लागले. राजेसाब मिशीत हसले. "पुढं, भाभी."

"एकतीस ते चार, करमाळा. मशीन छान. पाच, घरी आले. सहा, ठार अडलं."

वाचता वाचता माझी नजर मोठ्यानं न वाचलेल्या ओळींवर पडत होती. अठरा, बोटभर तेल. तेवीस, वाटीभर तेल. चार दिवस मी नाही, तेल नाही. पाच, देवीचं तेल, अर्धी बाटली. बेरजेत हातचा विसरला की तो आकडा कसा एकदम डोळ्यात खुपतो, तसं झालं. इतकी वर्षं हिशेब लिहितेय, आणि दोन बाजूंना लिहिलेलं एकत्र वाचून बघितलं नाही.

तेवढ्यात हे म्हणाले, "तरी मी म्हनत हुतो. बेअरिंगमधनं तेल उडतंय. पोरीनं जास्ती घातलं आसंल."

उर्वी खाली बघून म्हणाली, "असेल."

नुसतं "असेल." सहा महिने भांडून मशीन आणणारी माझी पोर, चूक नसताना असेल म्हणाली. वही माझ्या हातात होती. मिटली असती तर मिटली असती. कुणी उघडून बघितलं नसतं. माझी वही घरात कुणी वाचत नाही.

मी म्हटलं, "बेअरिंगचं नाही. माझं आहे. समईतलं. रोज पहाटे मी पट्ट्याला लावते."

मग राजेसाबांनी रुमाल वर करून दाखवला. "तरी म्हनलं, मशीनला देवघराचा वास कसा!"

आधी हे हसले. असे हसले की खांदा धरून खाली बसले. "आगं बाई, माज्या भाजीत तेलाचा थेंब मोजतीस, आन् मशीनला धार सोडलीस! म्हैनाभर ते माझ्यापेक्षा चांगलं जेवलं!" राजेसाब म्हणाले, "आन् करमाळ्याचं पेशल वेगळं."

उर्वी हसली नाही. माझ्याजवळ आली. "आई, पंधरा दिवस मी स्वतःला शिव्या देत होते."

"आता मला दे," मी म्हटलं.

तिनं माझा उजवा हात धरला आणि ओढणीच्या टोकानं एक एक बोट पुसलं. बोटं अजून तेलकट होती. पुसता पुसताच तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच, आणि मग मलाही.

राजेसाबांनी समजावलं. पट्टा चाकाला धरून चालतो. कोरडा असेल तरच त्याची पकड. तेल लागलं की हात सुटतो. तेल लागतं ते दुसरीकडे, पात्याच्या दोन्ही टोकांना दोन बारीक भोकं आहेत तिथं, तेही मशीनचं तेल, आठवड्यातून चार थेंब. "देवाचं तेल देवाला, भाभी. मशीनला तिचं तिचं."

मी विचारलं, त्या भोकांशेजारी कुंकवाचा ठिपका लावला तर चालेल का? ते गंभीरपणे म्हणाले, "चालंल की. उलट बरं. ह्या दोघांना बी भोक सापडंल."

शुक्रवार, १० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

लोक आज सोनं घेतात. आम्ही पट्टा घेतला. मी दुकानात त्याची ओटी भरायला निघाले होते, उर्वीनं हात धरला.

चाकं राखेनं घासून कोरडी केली, नवा पट्टा चढवला. जाडजूड फळी घातली. गेली, आली. उर्वी ओरडली नाही, ह्यांच्याकडे बघितलं फक्त. ह्यांनी पुढची फळी उचलून तिच्या हातात दिली. मग पुढची. दिवेलागणीपर्यंत दोघांचं हेच चाललं. एक देत होता, दुसरी घालत होती. हातरंदा कोपऱ्यात पडून होता.

जुना पट्टा फेकू दिला नाही. शिकेकाईनं तीनदा धुतला, तुकडे केले, आणि लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाच्या पायांखाली ठोकायला सांगितले. आता फरशीवर जरासुद्धा सरकत नाही. एवढी पकड होती त्याला. मीच सोडवली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर, पाडवा

सतरा चौरंग झाले. तिप्पण्णा मालक बघून गेले. एकावर बसून बघितलं, उठताना आम्हा तिघांना ओढावं लागलं. "मजबूत हाय," म्हणाले.

सकाळी मशीनवाल्याचा फोन. महिना झाला, टेम्पो पाठवायचा का? ह्यांनी घेतला. "टेम्पो कशाला? चौरंग न्यायला येनार आसंल तर पाठवा."

लगेच राजसचा. पाडव्याचा नमस्कार वगैरे झाल्यावर त्यानं विचारलं असावं, उर्वी कधी निघतेय. हे म्हणाले, "तिला येळ न्हाय." आणि फोन ठेवून दिला. मग शेडमध्ये डोकावले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. बत्तीस वर्षांत ह्यांनी कुणालाही विचारून काम सुरू केलेलं मी बघितलं नाही. आज विचारलं, "उर्वी, उद्या किती वाजता लावायचं म्हनतीस?"

"आठला, बाबा. आणि चौकट परत बसवायची आहे. जरा रुंद करून."

"बरं."

पाडवा म्हणजे नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचा दिवस. समईतलं उरलेलं तेल वाटीत घेतलं, कोमट केलं आणि ह्यांचा उजवा खांदा चोळायला बसले. कुठं घट्ट आहे, कुठं सैल, बोटांना हळूहळू कळायला लागलं. इतके दिवस हे तेल पहाटे उठून मी दुसरीकडेच नेत होते, आणि ज्यानं सगळी लाकडं तासली तो खांदा इथं कोरडा. आजपासून रोज. हे मात्र सांगून.

अर्ध्या तासानं ह्यांनी हात वर केला. कानापर्यंत आला. तिथं धरून ठेवत म्हणाले, "उर्वीला हाक मार. म्हनावं, रुपया घेऊन ये आन् खांद्यावर उभा करून बघ."